कोकणात लोकल जेवणाची खानावळ काढायचीय? आधी मेनूकार्ड फाडा

गेल्या महिन्यात पुण्याहून एकांचा फोन आला. वेंगुर्ल्याच्या बाजूला जागा घेतलीय, फार्म टू टेबल, म्हणजे आसपासच्या शेतातलाच माल वाढणारं रेस्टॉरंट काढायचंय, इंटिरियरवाला ठरलाय, ताटवाट्या ठरल्यात, मेनू पण डिझाइन करून झालाय, आता फक्त लोकल माल देणारे कोण ते सांगा. मी विचारलं मेनूत काय काय आहे, तर सुरमई तवा फ्राय, पापलेट, ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, सोलकढी, आणि हे सगळं बारा महिने. आता ऑगस्टमध्ये ओले काजूगर कुठून आणायचे हे मला काही सांगता येईना. म्हटलं दोन दिवस द्या, नीट लिहूनच पाठवते, कारण हा फोन मला वर्षातून चार-पाच वेळा येतो आणि दरवेळी मी अर्धंच सांगते कारण मागे भात उतू जात असतो.

आमची खानावळ मालवण तालुक्यात, हायवेपासून बरीच आत. सहा टेबलं, आठवं वर्ष चालू आहे. मी, सासूबाई, मोठ्या जाऊबाई आणि मदतीला गावातल्या दोन मुली. म्हणजे फार मोठा धंदा नाही, त्यामुळे शंभर माणसांचं रिसॉर्ट चालवणाऱ्याने माझं ऐकू नये, त्याचं गणित वेगळं.

ह्या फार्म टू टेबल शब्दाचं एवढं दडपण घेऊ नका. अमेरिकेत बर्कलीला अ‍ॅलिस वॉटर्स म्हणून बाई आहेत, त्यांनी 1971 साली शे पनीस नावाचं हॉटेल काढलं, आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडून माल घ्यायचा आणि त्या दिवशी जे चांगलं मिळेल त्याचं ठरलेलं एकच जेवण वाढायचं. इटलीत 1986 मध्ये रोमच्या भर चौकाजवळ मॅकडोनाल्ड्स आलं त्याला विरोध करताकरता कार्लो पेत्रिनी आणि त्यांच्या मंडळींनी स्लो फूडची, म्हणजे फास्ट फूडच्या उलट आपल्या भागातल्या जेवणाची चळवळ उभी केली. हे सगळं मी सासूबाईंना एकदा कौतुकाने वाचून दाखवलं, त्यांनी नारळ खवता खवता ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे खानावळच मां ती?" हो, खानावळच.

फळा लावा

पहिल्या वर्षी मी पण मेनूकार्ड छापलं होतं. लॅमिनेट केलेलं, बेचाळीस पदार्थ, मागे माडाचा फोटो. जुलैत भर पावसात मुंबईचं एक कुटुंब आलं, त्यांना कार्डावरची सुरमईच हवी, आणि कार्डावर आहे म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं म्हणून मी नवऱ्याला एका कोल्ड स्टोरेजवाल्याकडे पिटाळलं. जे आलं ते बर्फात किती महिने होतं देवास ठाऊक. तव्यावर टाकल्या टाकल्या पाणी सुटलं, रव्याचा लगदा झाला, आणि वास असा की जाऊबाई न बोलता खिडकी उघडायला गेल्या. तीन ताटं परत आली. त्या काकांनी शांतपणे पैसे दिले आणि जाताना एवढंच म्हणाले की आम्ही हे वाशीत पण खाल्लं असतं. ते वाक्य अजून टोचतं. त्या रात्री सगळी कार्डं बंबाला लावली, प्लास्टिक होतं म्हणून धूर झाला तो वेगळा.

तेव्हापासून दारात काळा फळा आहे, शाळेत असतो तसला, आणि तो सकाळी साडेदहाच्या आधी कोणी लिहायचा नाही. आधी माल येतो, मग आम्ही ठरवतो, मग लिहितो. अख्ख्या लेखातलं हे एवढं जरी घेतलंत तरी पुरे, कारण बाकीचं सगळं ह्याच्याच मागून येतं. उलटं करायला गेलात, म्हणजे आधी लिहिलं आणि मग माल शोधत फिरलात, की दुसऱ्याच आठवड्यात तुमचा टेम्पो कोल्हापूरच्या मार्केटला उभा असणार.

रोज सगळंच बदलायला लागत नाही हं. ताटाचा सांगाडा पक्का ठेवा. भात, सोलकढी, कुळथाची पिठी किंवा डाळ, लोणचं, आणि घावणे किंवा तांदळाची भाकरी, हे कायम. ह्यातलं बहुतेक वर्षभर डब्यात, बरणीत, कणगीत असतं. बदलतात फक्त तीन जागा, एक पालेभाजी किंवा फळभाजी, एक उसळ, एक मासा. गिऱ्हाइकाला वाटतं रोज नवीन जेवण, आपल्याला माहीत असतं की बदललंय पावच ताट.

आधी माणसं

लोकल व्हेंडर असा कोणी नसतो. म्हणजे तुम्ही समजता तसा, फोन केला की बिल आणि टेम्पो घेऊन येणारा. इथे काय असतं, तर एक काकी असते जिच्या परसात लाल माठ आणि वाली आहे पण फक्त ती लेकीकडे गेली नसेल तर, एक आजोबा असतात ज्यांच्याकडे अजून वालय किंवा सोरटी जातीचं लाल भात पिकतं, दोन खंडी, त्यातला बराचसा घरी लागतो, एक रापणीवाल्यांचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांचा संघ असतो, एक कोंबड्या पाळणारी असते जी अंडी देईल पण कोंबडा देणार नाही कारण तो राखणीचा आहे. अशी वीस-पंचवीस माणसं जोडली की तुमची खानावळ चालते.

ती जोडायची कशी, तर उघडण्याआधी निदान एक अख्खं वर्ष, ते जमत नसेल तर एक पावसाळा आणि एक उन्हाळा तरी, दहा-पंधरा किलोमीटरच्या आत फिरा. आठवडा बाजारात जा, पण मोठ्या गाळ्यांकडे नको, ते घाटावरून आणतात. बाजाराच्या कडेला, पोत्यावर चार जुड्या आणि दोन पडवळं घेऊन बसलेल्या बायका असतात, त्यांच्याकडे जा. पहिल्या दिवशी काही विचारू नका, नुसतं घ्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्याच विचारतील, एवढी भाजी करतंस काय? मग सांगा. एक वही ठेवा, कोणाकडे काय, कुठल्या महिन्यात, साधारण किती. माझी पहिली वही आता सुटी पानं झालीय पण मी अजून तीच बघते.

भाव करताना दोन गोष्टी. एक, पैसे रोख आणि त्याच दिवशी. महिन्याने हिशोब करू म्हणालात की संपलं, कारण ती काकी त्याच पैशांतून परतीची एसटी आणि चहापूड घेणार असते. दुसरं, पाटी आली की पाटी घ्यायची. आमची एक भाजीवाली काकी पहिल्या वर्षी दारात आली, टाकळा ह्या पावसाळी रानभाजीने भरलेली पाटी, मी म्हटलं पाच जुड्या द्या, तर ती पाटी खाली पण ठेवेना. म्हणाली, "गो, घेतलंस तर सगळो घे. पाच जुडये तुका देऊन उरलेलो घेऊन मी खंय जाऊ?" खरंच होतं. उन्हात अर्धी पाटी घेऊन ती आणखी कुठे वणवण करणार, आणि टाकळा तर दुपारपर्यंत मान टाकतो. मी सगळा घेतला, त्या दिवशी टाकळ्याची भाजी, टाकळ्याची भजी आणि रात्री घरच्यांना परत टाकळा. पण त्यानंतर ती पहिली माझ्याकडे येते आणि मग बाजारात जाते, आणि हे कुठल्या करारावर लिहून मिळत नाही.

मोठं हॉटेल शेजारी उघडलं की ते दोन रुपये जास्त देऊन तुमची माणसं ओढतं. ओढू दे. सीझन संपला की ते बंद असतं, आपण नसतो.

मासळीचं

इथे मी जरा जास्त लिहिणार, कारण सगळी घाण इथेच होते.

महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, माशांचा विणीचा हंगाम आणि समुद्रही खवळलेला. त्या वर्षीचा सरकारी आदेश बघून घ्यायचा, तारखा मागेपुढे होऊ शकतात. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाहीत ते ह्याचंच जुनं रूप. तर ह्या दोन महिन्यांत जर तुमच्या फळ्यावर ताजी सुरमई असेल तर ती कुठली ते तुम्हालाच माहीत. त्या दिवसांत सुकं वाढा, लाजायचं कारणच नाही. सुका बांगडा निखाऱ्यावर भाजून वर कांदा आणि खोबरेल तेलाचे चार थेंब, सोड्यांचं कालवण, सुकटीची किसमूर म्हणजे कोशिंबीर, हे खायला लोक मुद्दाम पावसात येतात. शिवाय खाडीचे मासे आणि कुर्ल्या असतात, कमी असतात पण असतात.

बाकीच्या महिन्यांत विकत घ्यायला पहाटे किंवा संध्याकाळी बंदरावर स्वतः जा. रत्नागिरी जिल्ह्यात असाल तर हर्णैचा लिलाव एकदा तरी बघा, किनाऱ्यावर पाट्या मांडलेल्या, बैलगाड्या पाण्यात, आणि बोली इतक्या पटकन सुटते की नवख्याला कळतच नाही कोणी घेतलं. नवखे असाल तर पहिले काही महिने लिलावात उतरू नका, कोणा जाणत्या मासेवालीला धरा, ती तिचं कमिशन घेईल पण तुम्हाला फसू देणार नाही. आमच्या बाजूला रापण लागते, होडीतून जाळं अर्धगोल टाकून दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून माणसं ओढतात. रापणीत काय येईल सांगता येत नाही, कधी पेडव्यांचा ढीग, कधी सौंदाळे, लेपे, मांदेली, कधी नुसतं गवत आणि प्लास्टिक. पण जे येतं ते अर्ध्या तासापूर्वी पाण्यात होतं.

पर्यटकाला सुरमई, पापलेट आणि कोळंबी ह्यापुढे मासे माहीत नसतात हा तुमचा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम. ह्या तिघांवर सगळा ताण. 2023 मध्ये राज्य सरकारने पापलेटला राज्य मासा जाहीर केलं, आणि त्याच वर्षी 54 जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान मासा धरायचाही नाही आणि विकायचाही नाही. तरी तळहाताएवढी पापलेटं ताटात दिसतात, एका ताटात दोन बसतात म्हणून हॉटेलवाल्यांना सोयीची. तुम्ही घेऊ नका. घेणारा नसला तर आणणाराही विचार करेल.

मग वाढायचं काय? बांगडा. सप्टेंबरपासून पुढे चांगला असतो, स्वस्त, किलोत सहा ते आठ बसतात म्हणजे ताटाला एक अख्खा, आणि तिरफळं (आमच्याकडचा झणझणीत वासाचा मसाला) घातलेलं बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण, एकदा खाल्लेला माणूस सुरमई विसरतो. पेडवे हळदीच्या पानात गुंडाळून तव्यावर. कर्ली चवीला फार उत्तम पण काट्यांनी भरलेली, ती पाहुण्याला विचारूनच द्या, लहान पोरं असतील तर देऊच नका. आम्ही सुरमई हवी म्हणणाऱ्याला एक छोटी वाटी तिखलं फुकट चाखायला देतो. दहातले सात-आठ जण तेच मागवतात.

मासा घेताना डोळे चकचकीत आणि फुगीर, कल्ले लालभडक, पोट दाबलं की परत वर यावं. आणि बर्फ. मासा तेवढा बर्फ, किलोला किलो, बंदरावरूनच, घरी आल्यावर नाही. बांगडा, तारली, सुरमई, कुप्पा (ट्यूना) ह्या माशांत गरमीत हिस्टामिन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं, ते झालं की शिजवून तळून कशानेही जात नाही, माणसाचं तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं दुखतं, आणि लोक समजतात मसाला बाधला. स्कूटरवर पिशवी लटकवून उन्हातून बांगडे आणायचे नाहीत, एवढं तरी पाळा.

पावसाळी भाज्या, आणि माझी फजिती

जून लागला की आठ-दहा दिवसांत टाकळा, मग कुर्डू, फोडशी, भारंगी, अळू, पुढे फागलं म्हणजे कर्टोली. रायगडकडे शेवळं. ह्या भाज्या कोणी लावत नाही, खत नाही, औषध नाही, ट्रॅक्टर नाही. शहरातले लोक ह्यासाठी वाट्टेल ते मोजायला तयार असतात, त्यामुळे ह्यात पैसे आहेत, आणि म्हणूनच ह्यात घोळही आहे.

तेरं म्हणजे रानातलं अळू. दुसऱ्या वर्षी काकीने आणलं, सुंदर कोवळं होतं, आणि त्या दिवशी सासूबाई माहेरी. मी नेहमीच्या अळूसारखंच केलं, आंबट जरा बेतानेच घातलं कारण शहरातल्या लोकांना आंबट आवडत नाही असं माझं त्यावेळचं ज्ञान. आठ जणांचं टेबल. पाच मिनिटांत पहिला खाकरला, मग दुसरा, मग सगळेच, एक आजी तर पदर तोंडाला लावून उठल्याच. कुणाला काही झालं नाही, सोलकढी आणि गूळ देऊन घसे शांत केले, पण ते आठही जण परत आले नाहीत. अळू, तेरं, सुरण, शेवळं सगळ्यांना खाज असते, आणि ती मारायला आंबट लागतंच, आमसूल, चिंच, आंबोशी (वाळवलेली कैरी), शेवळाला काकडं ही आंबट रानफळं, आणि तेही हात सैल सोडून. आणि भरपूर शिजवायचं. आता नियम असा की रानातली कुठलीही भाजी पहिल्यांदा आली की आधी घरच्यांनी खायची, दुसऱ्या दिवशी फळ्यावर.

अळंब्यांबद्दल तर फार कडक रहा. वारुळावर उगवतात त्या अळंब्या अफलातून लागतात, पण विषारी पण शेजारीच उगवतात आणि फोटो बघून ओळखता येत नाहीत. ज्या माणसाच्या हातच्या तुम्ही आधी वर्षानुवर्षं खाल्ल्यात त्याच्याकडूनच घ्या, रस्त्यावर कोणी पोरगा पानात घेऊन उभा असेल तर त्याच्याकडून नको, कितीही मोह झाला तरी.

आणि भाजी आणणाऱ्याला सांगून ठेवा की मुळासकट उपटू नका, शेंडे खुडा, पुढच्या वर्षी पण हवीय. त्यांना हे माहीत असतंच, पण मागणी वाढली की हात सुटतो.

बेगमी

बेगमीचं, म्हणजे वर्षभराच्या साठवणीचं खरं काम एप्रिल-मेमध्ये असतं, आणि नेमकी तेव्हाच गर्दी. त्यामुळे बेगमीला वेगळी माणसं लावा. आमच्याकडे वाडीतल्या बचत गटाच्या बायका येतात, रोजावर नाही, किलोवर.

सगळ्यात महत्त्वाचं कोकम. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, आम्ही भिरंडा म्हणतो, एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि पहिला पाऊस लागला की सडतात, त्यामुळे हातात दोन-तीन आठवडेच. फळ फोडायचं, साल एकीकडे, बिया आणि गर एकीकडे. गराला मीठ लावून ठेवलं की लालजांभळा रस सुटतो, तो आगळ. सालं उन्हात टाकायची, संध्याकाळी त्याच खारट रसात बुडवायची, सकाळी परत उन्हात, असं आमच्या घरी सात वेळा करतात, बाजारातलं आमसूल दोन-तीन वेळात उरकलेलं असतं म्हणून ते लवकर कोरडं आणि फिकं पडतं. चांगलं आमसूल हाताला मऊ, काळपट, बोट लावलं तर चिकटणारं. बियांचं मुठेल म्हणजे कोकमतेल निघतं, ते आमच्या मुलींच्या टाचांना.

सोलकढी हीच तुमची परीक्षा. नारळाचं पहिलं जाड दूध, आगळ, लसूण, हिरवी मिरची, मीठ, बस. तापवायची नाही. रंग मंद, जांभळट गुलाबी यायला पाहिजे. लग्नातल्या फुग्यासारखा गुलाबी दिसला तर त्यात रंग आहे, पावडरचं दूध पण असणार. उन्हाळ्यात तीन-चार तासांत ती उतरते म्हणून एकदम करून ठेवायची नाही, साडेबाराला एक घाणा आणि दोनला दुसरा. दूध काढून उरलेला नारळाचा चोथा टाकू नका, चटणीला किंवा कोंबड्यांना.

स्वतःची जमीन असेल तर कोकमाची कलमंच लावा, बियांपासून लावलं तर साधारण निम्मी झाडं नर निघतात आणि ते कळायला पाच-सात वर्षं जातात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कोकण अमृता ही जात आहे, काजूसाठी वेंगुर्ल्याच्या केंद्राच्या वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7. बाकी बेगमीत मसाला, कुळीथ, आंबोशी, फणसाची साटं, सुकी मासळी, आणि भात. भात आधी सांगून ठेवायला लागतो, दिवाळीच्या सुमारास झोडणी झाली की लगेच उचलायचा आणि गिरणीवर उकडा करून घ्यायचा. तांदूळ पांढराशुभ्र पॉलिश करू नका, मग लाल भात घेतलाच कशाला.

खोटं लिहू नका

आमच्या मालवणी मसाल्यातल्या मिरच्या ब्याडगी आणि संकेश्वरी, म्हणजे घाटापलीकडच्या. कांदा-बटाटा घाटावरचा. साखर, चहा, तूरडाळ, सगळं वरून येतं. आणि ज्या काजूवर आपण एवढा जीव टाकतो तो मुळात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला, मिरची पण त्यांच्याबरोबरच आली. त्यामुळे शंभर टक्के लोकल अशी पाटी लावायला मी कधीच तयार नव्हते. फळ्याच्या खाली एक ओळ असते, आज बाहेरचं काय काय आहे त्याची. लोक ती वाचून हसतात आणि मग बाकीच्यावर विश्वास ठेवतात.

ऑरगॅनिक हा शब्द सर्टिफिकेट असल्याशिवाय लिहायचा नाही, त्याला कायदा आहे. आपल्या काकीच्या परसातलं कितीही शुद्ध असलं तरी तिच्याकडे कागद नाही, मग सरळ लिहा, अमक्या वाडीतली भाजी, फवारणी नाही. काजूचं बघून घ्या, कोकणातल्या फॅक्टऱ्यांत आफ्रिकेतून आलेलं बी पण फुटतं, गर दिसायला तसाच, त्यामुळे थेट बागायतदाराकडून घ्या किंवा वेंगुर्ल्याचा म्हणू नका. हापूसला 2018 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तरी पेटीवर देवगड छापून कुठलाही आंबा हायवेवर विकला जातोच. आम्ही एकदा फसलो, रसाला चव नव्हती, वास नव्हता, त्या दिवशी फळ्यावरून आमरस पुसून टाकला आणि घरी साखर घालून खाल्ला.

पैशाचं

समजा थाळी 220 रुपयांची. कच्चा माल 90, गॅस-लाकूड 15, माणसं 50, वीज-बर्फ-भाडं-दुरुस्ती 30. झाले 185, उरले 35. आता तुम्ही तीस ताटांचं रांधलं आणि बावीसच गेली. बावीस ताटांचे सुटले 770, आणि उरलेल्या आठ ताटांचा नुसता कच्चा मालच 720. म्हणजे दिवसभर राबून हातात पन्नास रुपये. त्यामुळे ह्या धंद्यात नफा चुलीवर होत नाही, मोजणीवर होतो. आम्ही सकाळी नऊपर्यंत फोन करा म्हणून सांगतो, जेवढे फोन त्याच्यावर पाच-सहा ताटं जास्त, बस. संपलं की संपलं. पाटी उलटी करायची. पहिल्या वर्षी लोक रागावतात, नंतर आदल्या रात्रीच फोन करतात.

दिवसही ओळखा. सोमवारी, संकष्टीला, श्रावणात मासळी कमी करा, काळ्या वाटाण्याची उसळ आणि घावण्यांचा घाट घाला. गणपतीत खानावळ बंद ठेवा, उगाच धंदा करायला जाऊ नका, कारण चाकरमानी येतात ते स्वतःच्या घरी जेवतात आणि तुमच्या मुली काही झालं तरी कामाला येणार नाहीत. मलाही यायचं नसतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. एफएसएसएआय ह्या अन्नसुरक्षेच्या सरकारी खात्याचा 14 आकडी नंबर लागतोच, मी काढला तेव्हा 12 लाखांच्या आतल्या उलाढालीला नुसती नोंदणी होती, वर्षाला 100 रुपये, ऑनलाइन होतं, एजंटला हजारो देऊ नका. जीएसटीची मर्यादा सीएला विचारा. ग्रामपंचायतीचा दाखला, विहिरीच्या पाण्याची तपासणी. अगदी समुद्राला लागून जागा असेल तर बांधायच्या आधी सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचं बघा, नंतर नाही. प्लास्टिकच्या ताट-वाट्या-चमच्यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, केळीचं पान घ्या, तेही परसातलंच, जेवून झालं की गुरांना.

तर आता तुमच्या फोनवरच्या प्रश्नाचं उत्तर. मेमध्ये उद्घाटन करू नका. मेमध्ये कोकम, मसाला आणि सुकं भरून ठेवा, जूनमध्ये चार ओळखीच्यांना जेवायला बोलवा आणि टाकळा करायला शिका, नारळी पौर्णिमेनंतर बंदरावर जायला लागा आणि दसऱ्याला दार उघडा. इंटिरियरवाल्याला सांगा एका भिंतीवर काहीच लावू नको, तिथे फळा येणार आहे. आणि खडू बरेच घ्या, दमट हवेत फार लवकर मोडतात.